जॉब प्रेस चालवणाऱ्या वडिलांची स्मरणिका : काय जपायचं, कसं वाचायचं, काय छापायचं

अक्षरजुळारी

तालुक्याच्या गावात ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर) जॉब प्रेस, म्हणजे किरकोळ छपाईचा छापखाना, चालवणारी पिढी आता एकेक करून जाते आहे. वर्षश्राद्धाला मुलं मनापासून स्मरणिका काढतात. पण बहुतेक स्मरणिकांत मजकूर एकच असतो: कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, शून्यातून विश्व उभं केलं. सगळं खरंच असणार. तरी ज्या माणसाने चाळीस वर्षं गावाच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेचे प्रगतिपुस्तक, दशक्रियेची कार्डं छापली, त्याने दिवसभर नेमकं काय केलं हे त्यात एका ओळीनेही येत नाही. आणि स्मरणिका छापून येईपर्यंत खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) किलोच्या भावाने भंगारात गेलेले असतात.

छापखाना बंद झाल्यावर घरात जे उरतं त्यातून वडिलांचं आयुष्य कसं वाचता येतं, हे एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

सुरुवातीलाच एक विनंती: खोली आवरू नका. आधी फोटो. दारात उभं राहून चारही भिंती, मग यंत्र, मग केसांचा घोडा (केस म्हणजे खिळे ठेवायचा खणांचा लाकडी ट्रे, घोडा म्हणजे त्या ठेवायची चौकट), मग प्रत्येक केस बरोबर वरून, सगळे खण दिसतील असा. कोणत्या खणात कोणतं अक्षर हे जुळाऱ्याच्या (खिळे जुळवून मजकूर करणाऱ्याच्या) बोटांना पाठ असतं, त्यामुळे खणांवर चिठ्ठ्या बहुधा नसतात. इंग्रजीसारखं दोन केसांत मराठीचं भागत नाही. पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, उकार, रफार धरून शेकडो तऱ्हेचे खिळे लागतात. हाताशी जवळ कोणते खण ठेवले आहेत, कोणत्या खणाची कड बोटांनी गुळगुळीत झाली आहे, हेसुद्धा फोटोत येऊ द्या. त्यांच्या उभं राहण्याच्या जागेवरून तो फोटो घ्या.

केस दिसते त्याहून फार जड असते. एकट्याने ओढू नका. जुन्या केसचा तळ वाळवीने किंवा ओलीने सुटलेला असतो, अर्धी बाहेर येताच खिळे जमिनीवर. एकदा मिसळले की जाणकारालाही निवडायला कित्येक दिवस लागतात. खालून प्लायवूडची फळी सरकवून, दोघांनी मिळून, आडवी ठेवूनच बाहेर काढा.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे दोऱ्याने बांधून गॅलीवर (कडा असलेल्या सपाट तबकावर) ठेवलेला, खिळ्यांत जुळवलेला मजकूर. दूध सोसायटीची पावती, पतसंस्थेचं चलन, देवस्थानाचं देणगीपुस्तक अशी पुन्हा पुन्हा येणारी कामं सोडत नसत, बांधूनच ठेवत. दोरा सोडू नका, ओढून घट्टही करू नका. जुना दोरा तुटतो. गॅलीसकट उचला. वाचायचं असेल तर फोनने फोटो काढून आडवा उलटवा, उलटी अक्षरं सुलटी होतात. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते, तिचाही जवळून फोटो हवा; दोन साच्यांचे खिळे एकत्र झाले असतील तर खाचांची जागा आणि संख्या पाहूनच ते वेगळे करता येतात.

---

दप्तरदार

चांगला धागा. कागदपत्रांच्या बाजूने भर.

वडिलांचं काम शोधायला सर्वांत मोठा आधार म्हणजे मुद्रकाची ओळ. प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट, १८६७ च्या कलम ३ प्रमाणे छापलेल्या पुस्तकावर किंवा कागदावर मुद्रकाचं नाव आणि मुद्रणाचं ठिकाण असणं बंधनकारक होतं. म्हणून ग्रामपंचायतीचा अहवाल, शाळेचं वार्षिक, गणेशोत्सवाचा जमाखर्च, गावातल्या कवीचा संग्रह, या सगळ्यांच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव सापडतं. पत्रिकांवरही ते असायचं, तिथे कायद्यापेक्षा जाहिरात हे कारण.

निवडणुकीची पत्रकं वेगळी शोधा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क मुळे त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचे नाव-पत्ते लागतात. शिवाय प्रकाशकाने ओळखीच्या दोन माणसांच्या साक्षीने सही केलेलं प्रतिज्ञापत्र मुद्रकाला द्यावं लागतं आणि छपाईनंतर त्याची एक प्रत पत्रकासोबत अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. काळजीने काम करणारा मुद्रक ही प्रतिज्ञापत्रं फाइलला लावून ठेवतो. अशी फाइल मिळाली तर गावाच्या निवडणुकांचा इतिहासच हाती लागला असं समजा.

त्याच १८६७ च्या कायद्याचं कलम ४: छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटसमोर घोषणापत्र करायचं, की अमुक ठिकाणी माझ्याकडे छापखाना आहे. जागा बदलली की नवीन घोषणापत्र. म्हणून घरातल्या ट्रंकेत स्टॅम्प मारलेले असे दोन-तीन कागद असतील तर छापखाना कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कधी कोणत्या आळीत हलला, ते पक्कं कळतं. "साधारण साठच्या सुमारास" असं लिहायची वेळ येत नाही. हा कायदा आता गेला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नियतकालिकांसाठीचा २०२३ चा नवा कायदा लागू झाला, त्यात पुस्तकं येत नाहीत. जुने कागद त्यामुळे टाकाऊ होत नाहीत.

वडिलांनी छापलेली पुस्तकं गावात मिळाली नाहीत तर मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय बघा. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकांनी तिथे प्रती पाठवायच्या असतात. सगळ्यांनी पाठवल्या असं नाही. पण लेखकाचं नाव माहीत असेल तर शोध सोपा जातो. मुद्रकाच्या नावाने मात्र सूची लागत नाही.

---

कागदकाम

दप्तरदार, कलम ४ चा मुद्दा फार उपयोगी. तारीख नसलेल्या कागदांचा काळ कसा ठरवायचा ते लिहितो.

कोऱ्या पावत्या, बिलबुकं, नमुन्याच्या प्रती यांवर तारीख नसते. पण रकमेचे रकाने बोलतात. रुपये-आणे-पै असे तीन रकाने असतील तर काम १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, किंवा फार तर त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतलं. "न. पै." म्हणजे १९५७ ते १९६४, १ जून १९६४ पासून नवे पैसे नुसते पैसे झाले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. "जि. कुलाबा" म्हणजे १९८१ च्या आधीचं, "जि. सिंधुदुर्ग" किंवा "जि. जालना" म्हणजे १ मे १९८१ नंतरचं. बिलावर व्हॅटचा टिन क्रमांक असेल तर १ एप्रिल २००५ नंतरचं, जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतरचं.

शुद्धलेखन हाही एक पुरावा, पण जपून वापरा. "नांव", "कांहीं", "करणें" असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. तरी पावतीवर "नांव" पुढे कित्येक वर्षं दिसतं, कारण बांधून ठेवलेला तोच मजकूर पुन्हा छापला जायचा. म्हणजे अनुस्वार आहे म्हणून कागद जुना, असं नाही. मजकूर जुना, एवढंच.

खिळ्यांची छपाई की ऑफसेट (प्लेटवरून होणारी सपाट छपाई), हे कागद पालटून बघा. मागच्या बाजूला बोटाला बारीक उठाव लागला, आणि भिंगातून अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसली, तर खिळे. ऑफसेटला दोन्ही नसतं. इथे एक सांगावंसं वाटतं. हल्ली लेटरप्रेस म्हणून कागदात खोल रुतवलेल्या पत्रिका मिळतात आणि लोकांना तेच खरं वाटतं. जुन्या कारागिराच्या लेखी ते वाईट काम. अक्षर काळं, भरीव यावं आणि कागद मागून जवळपास सपाट राहावा, यासाठी तो टिंपनखालचं (छापायचा कागद ज्यावर टेकतो त्या आवरणाखालचं) पॅकिंग पातळ कागदांनी तासभर जुळवत बसे. उठाव जास्त म्हणजे दाब जास्त, म्हणजे खिळे लवकर झिजणार. वडिलांच्या कामात उठाव अगदी हलका असेल तर ते आवर्जून लिहा. तो हाताचा गुण आहे.

कागदाच्या मापावरून त्यांचा हिशेबीपणा कळतो. १७ × २७ इंची फुलस्केपचे चार भाग केले की ८.५ × १३.५, आठ केले की ६.७५ × ८.५. पावतीपुस्तकाचं माप असं ठेवायचं की कटिंगला कमी जावं. जी पट्टी उरे तिचे चिठ्ठ्यांचे पॅड किंवा मुलांच्या कच्च्या वह्या. घरात एका बाजूने पत्रिका छापलेल्या आणि दुसऱ्या बाजूने पाढे लिहिलेल्या वह्या सापडल्या तर त्या रद्दीत देऊ नका. दोन्ही बाजू स्कॅन करा.

---

नवा_वाचक

दोन शंका. खिळ्यांवर पांढरी पूड आली आहे, ती कशाने काढावी? आणि ट्रेडल भंगारवाला मागतो आहे, वाड्याची जागा मोकळी करायची आहे. किती दिवस थांबवता येईल ते सांगता येत नाही.

---

अक्षरजुळारी

@नवा_वाचक, आधी पूड, कारण हा तब्येतीचा प्रश्न आहे.

खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. पांढरी पूड म्हणजे शिशाचा गंज. बंद खोलीतली ओल आणि लाकडी केसमधून निघणारी आम्ल वाफ यांनी ती येते. ती विषारी आहे. फुंकर मारू नका, झाडूने झाडू नका, सँडपेपर लावू नका. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, केरोसीनमध्ये किंचित ओला केलेला फडका हलकेच टिपा. फडके वेगळ्या पिशवीत बांधून टाका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, त्या खोलीत चहाही नको. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना तिथे येऊ देऊ नका. पूड जाड थरात असेल आणि अक्षराचं तोंडच खाल्लं गेलं असेल, तर तो खिळा गेला. त्यावर मेहनत करू नका.

पाण्याने धुवायचा मोह होतो. धुतलं तर खिळ्यांच्या मधे पाणी राहतं आणि महिन्याभरात गंज दुप्पट.

ट्रेडलबद्दल: विकायचंच असेल तर विका, त्यात वडिलांचा अपमान नाही. जागा सगळ्यांकडे नसते. पण देण्याआधी एवढं करा. चेसच्या (खिळे आवळून बसवायच्या लोखंडी चौकटीच्या) आतलं माप घ्या. ८ × १२ की १० × १५ इंच, हे यंत्राचं खरं नाव. बाजूच्या कास्टिंगवर बनावटीचं नाव आणि क्रमांक असतो, तेलकट थर कापडाने पुसून फोटो काढा. शाईची तबकडी, रोलर, थ्रो-ऑफची (दाब बंद करायची) दांडी, पायटा (पायाने दाबायची पट्टी) यांचे वेगवेगळे फोटो. मग पायटा दाबून यंत्र एक मिनिट रिकामं चालवा आणि आवाज रेकॉर्ड करा. घरातल्या मुलांनी लहानपणी झोपेत ऐकलेला आवाज तोच असतो. आधी तेलाच्या भोकांत तेल द्या, दहा मिनिटं थांबा, फ्लायव्हील हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवून अडत नाही ना बघा. यंत्र चालू असताना प्लॅटन (कागदाची पाटी) आणि बेड (खिळ्यांची पाटी) यांच्या मधे हात अजिबात घालू नका. या यंत्राने गावोगाव मुद्रकांची बोटं गेली आहेत.

रोलर वितळून ओघळलेले किंवा तडकलेले दिसतील. सरस-ग्लिसरीनचे जुने रोलर उन्हाळ्यात मऊ पडत, पावसाळ्यात दमट होऊन शाई नीट घेत नसत. मोसमाप्रमाणे त्यांना सांभाळणं हे मोठं काम होतं. रोकडवहीत "रोलर ओतणावळ" अशी नोंद दिसली तर ती याची.

सगळं द्यायचं झालं तरी एक चेस, एक स्टिक (खिळे जुळवायची हातातली पट्टी), त्यांच्या हातातला चिमटा, गणपतीचा ब्लॉक (चित्राचा ठसा) आणि त्यांच्या नावाची अक्षरं एवढं ठेवा.

---

वहीखाते

रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खात्यांनुसार मांडलेली वही) यांच्याविषयी.

कीर्द उघडल्यावर डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे खर्च). आधी वर्ष कोणतं ते ठरवा. जुन्या वह्या दिवाळी पाडव्याला सुरू होतात आणि वर विक्रम संवत असतो. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत २०३० चा पाडवा म्हणजे १९७३ ची दिवाळी. शके असेल तर ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंत बहुतेक तारखा ७९ ने येतात. शके १८६८ चा पौष उतरतो तो जानेवारी १९४७ मध्ये. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आयकराने सगळ्यांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष लावलं, त्यामुळे तिथे एखादी वही अर्धवट वर्षाची किंवा लांबलेल्या वर्षाची दिसेल. पानं हरवली आहेत असं समजू नका.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती गुरुजींनी प्रवेशासाठी टाकलेली असण्याची शक्यता मोठी. घरच्या टिपणात किंवा पत्रिकेत तिथी असेल तर वरच्या हिशेबाने तारीख काढा आणि स्मरणिकेत दोन्ही द्या.

कीर्दीतून श्रम मोजता येतात. ५०० पत्रिका, बाहेर लाल आणि निळा असे दोन रंग, आत एक रंग. म्हणजे १,५०० छाप. प्रत्येक छापाला उजव्या हाताने कागद घालायचा, डाव्या हाताने काढायचा, पायाने पायटा. तासाला ८०० धरले तर नुसतं यंत्रच जवळजवळ दोन तास. त्याआधी जुळणी, प्रूफ, दुरुस्ती, पॅकिंग. दोन रंगांच्या मधे तबकडी आणि रोलर केरोसीनने धुणं. लग्नसराईच्या एका महिन्याची कीर्द घ्या, पत्रिकांची कामं मोजा, छापांचा आकडा काढा आणि तो एका ओळीत छापा.

आणि कळकळीची विनंती: उधारीची पानं जशीच्या तशी छापू नका. ज्यांचे पैसे राहिले त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात. नावं झाकून रक्कम आणि काम दाखवा.

व्यवहाराचंही एक. धंदा अलीकडेपर्यंत चालू असेल तर जीएसटीची दप्तरं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. मुलगा किंवा मुलगी धंदा पुढे चालवणार असेल तर आपल्या नावाने नवीन नोंदणी घ्यायची आणि शिल्लक क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने वर्ग करायचं. वडिलांचा क्रमांक रद्द झाल्यावर हे अडकतं, म्हणून क्रम चुकवू नका.

---

मधली_आळी

सगळ्यांची माहिती उत्तम आहे, पण एक खटकतं. घरच्यांना बाबा हवे आहेत. टिंपन आणि पॅकिंग वाचून नातवाला आजोबा कळणार का? माया, जागरणं, मुलांसाठी खाल्लेल्या खस्ता, हे कुठे आलं?

---

वहीखाते

@मधली_आळी, प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर: तेही वहीतच आहे.

खतावणीत "घरखर्च" असं खातं असतं. त्याची नावे बाजू दहा वर्षांची सलग वाचा. शाळा फी, परीक्षा फी, चष्मा, एसटी पास, वसतिगृह डिपॉझिट, औषध. त्याच तारखेला जमेकडे काय आहे ते बघा. पुष्कळदा फीच्या आदल्या दिवशी जुनी उधारी वसूल झालेली दिसते, किंवा कागदवाल्याचं देणं पुढे ढकललेलं दिसतं. "मुलांसाठी खस्ता खाल्ल्या" असं लिहिण्याऐवजी अशा पाच नोंदी तारखेसह, त्यांच्याच हस्ताक्षरात, एका पानावर छापा. खाली स्पष्टीकरण एक ओळ. नातू ते पान विसरणार नाही.

---

मधली_आळी

पटलं. मग त्यात आणखी एक जोडा: मुलांच्या बारशाची, मुंजीची, लग्नाची पत्रिका. घरच्या कामाला मुद्रक सगळ्यात चांगला कागद आणि सगळ्यात नवे खिळे काढतो, आणि मजकुराची प्रूफं स्वतः तीनदा बघतो. गिऱ्हाइकाची पत्रिका आणि घरची पत्रिका शेजारी शेजारी ठेवून छापली तर फरक डोळ्यांना दिसेल. प्रूफाचे कागद उरले असतील तर फारच छान. त्यावरच्या खुणा त्यांच्या हातच्या असतात.

आठवणी गोळा करताना "ते कसे होते?" असं विचारू नका. उत्तर "देवमाणूस" एवढंच येतं. असं विचारा: पत्रिकेचा मजकूर कोण लिहायचं? नाव चुकलं तर पुन्हा कोणाच्या खर्चाने छापायचे? परीक्षेच्या दिवसांत प्रश्नपत्रिका छापताना दार बंद ठेवायचे का, खराब कागद जाळायचे का? उधारी मागायला कोणाला पाठवायचे? जुळारी, बाइंडर, कागदाचा व्यापारी, शाळेचे जुने लेखनिक, या चौघांना आधी गाठा. फोन विमान मोडवर ठेवून रेकॉर्ड करा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने उच्चारा. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

---

संगणकजुळणी

नव्वदच्या दशकानंतरच्या कामाविषयी कोणी लिहिलं नाही. बऱ्याच छापखान्यांत ट्रेडलशेजारी संगणक आला, श्रीलिपी किंवा आकृतीचे फॉन्ट, पेजमेकर आणि कोरल ड्रॉ ही मांडणीची सॉफ्टवेअर. त्या फाइलीही वडिलांचं कामच आहे, आणि खिळ्यांपेक्षा त्या लवकर मरतात.

संगणक फॉरमॅट करू नका, विकू नका. आधी हार्ड डिस्क काढून तिची पूर्ण प्रत घ्या. ३.५ इंची फ्लॉप्या असतील तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून लेखनबंद करा, मगच घाला. बुरशी दिसली तर घालू नका, ड्राइव्हचं डोकं खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातात.

हे फॉन्ट युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नाहीत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. घाबरून "सेव्ह" दाबू नका. मजकूर शाबूत असतो. दुसरा फॉन्ट लावून सेव्ह झाला की मांडणी हलते, ओळी तुटतात. जुना संगणक चालू होत असेल तर त्याच्यावरच, त्याच फॉन्टने, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. फॉन्टचं फोल्डर स्वतंत्र जपा. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे होतात. पीडीएफ समोर ठेवून ओळ न् ओळ ताडा.

फाइलच्या गुणधर्मात तारीख असते तिच्यावर विसंबू नका. जुन्या संगणकाची घड्याळाची बॅटरी संपलेली असते आणि सगळ्या फाइली एकाच मागच्या तारखेच्या दिसतात.

---

नवा_वाचक

ट्रेडलचे फोटो आणि आवाज, दोन्ही झालं. चेस १० × १५ भरली. आता मुखपृष्ठावर त्यांचं नाव त्यांच्याच खिळ्यांतून यावं असं घरच्यांना वाटतं. यंत्र न वापरता ठसा घेता येईल का?

---

अक्षरजुळारी

येईल, आणि यंत्रापेक्षा सोपं.

नावापुरते खिळे घ्या, केरोसीनने पुसा, पूर्ण वाळू द्या. स्टिकमध्ये जुळवताना अक्षरं डोक्यावर उलटी पण डावीकडून उजवीकडे लागतात, खाच एकाच बाजूला ठेवा. मधल्या जागा स्पेसने (कोऱ्या खिळ्यांनी) भरा. सपाट लोखंडी किंवा संगमरवरी फरशीवर ठेवून चारही बाजूंनी लाकडी पट्ट्यांनी घट्ट करा. उंची एकसारखी हवी. खिळ्याची उंची ०.९१८ इंच असते. लाकडी मोठी अक्षरं किंवा ब्लॉक सोबत घ्यायचे असतील आणि ते कमी भरत असतील तर त्यांच्या खाली कागदाचे थर द्या. खिळे ठोकून बसवताना जपा: वेलांटी आणि मात्रेचा जो भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतो तो पहिल्या ठोक्यातच तुटतो. हातोडीने ठोकायचं नाही, लाकडी ठोकळा ठेवून तळहाताने दाबायचं.

काचेवर वाटाण्याएवढी काळी शाई घ्या, रबरी रोलरने आवाज चुरचुरीत येईपर्यंत पसरवा. खिळ्यांवर दोन हलके हात. शाई जास्त झाली की ध, घ, भ यांची पोटं भरतात. ७० ते ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) साधा कागद किंचित दमट करून ठेवा, एका हाताने धरून ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासा. कागद केसभर सरकला तरी दुहेरी ठसा येतो. दहा-पंधरा ठसे घ्या, त्यातला एक चांगला निघतो. वाळल्यावर ६०० डीपीआयला स्कॅन करा. अक्षराच्या कडा संगणकात "स्वच्छ" करू नका. झिजलेला कोपरा राहू द्या, तो त्यांच्या वापराचा आहे.

ठसा झाल्यावर खिळे लगेच केरोसीनने पुसून कोरडे करा. शाई वाळली तर काढताना अक्षर ओरखडतं.

---

कागदकाम

स्मरणिकेच्या मापाचं सांगून टाकतो. २३ × ३६ इंची कागदातून डेमी अष्टांशाची ३२ पानं बरोबर निघतात, कापल्यावर साधारण ५.५ × ८.५ इंच. ३२ पानं, मधे दोन पिना, वेगळं मुखपृष्ठ. आतला कागद १०० जीएसएम मॅपलिथो घ्या, चकचकीत आर्टपेपर नको, हस्ताक्षराची पानं त्यावर परकी दिसतात. पिनांच्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते. ३० पानांचा मजकूर असेल तर शेवटची दोन कोरी सोडा, फोटो ताणून भरू नका. २००-३०० प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, पुढे ऑफसेट. कागदपत्रं ३०० डीपीआय, लहान फोटो ६००, मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा.

शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रकाची ओळ विसरू नका. कायदा आता मागत नसला तरी. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं काढून बघा. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये छापखाना. ते १८९२ मध्ये गेले. त्यानंतरच्या पुस्तकांवर तुकाराम जावजी, आणि पुढे पांडुरंग जावजी. घराण्यात छापखाना कोणाच्या हाती कधी आला ते त्या एका ओळीवरून वाचता येतं.

---

नवा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोरा बांधलेला जो मजकूर गॅलीवर होता तो फोटो उलटवून वाचला: शाळेच्या प्रगतिपुस्तकाचं मुखपृष्ठ आहे. तेच स्मरणिकेचं पहिलं पान करायचं ठरलं आहे. शेवटच्या ओळीचा मजकूर असा धरला आहे, काही चुकत असेल तर सांगा:

"मुखपृष्ठावरील नाव त्यांच्याच केसमधील खिळ्यांतून, हाताने घेतलेला ठसा. आतील मजकूर ऑफसेट. प्रूफं मुलांनी तपासली."

---

मधली_आळी

"तीनदा तपासली" करा. आणि खरंच तीनदा तपासा.